पांढरीतलं लेकरू

ताम्रपाषाण युगाचा धडा मी शाळेत इतकी वर्षं शिकवला आहे, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तांब्याची आणि दगडाची हत्यारं बरोबरीने वापरणारी, नदीकाठी कुडाची घरं बांधून राहणारी, जव आणि कडधान्यं पिकवणारी आपल्या मुलखातली पहिली शेतकरी माणसं. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. पण चिपळूणच्या वर्गात, खिडकीबाहेर तांबडी माती आणि जांभ्याची कुंपणं असताना, ही माणसं मला कधी खरी वाटली नाहीत. मुलांना तर नाहीच. यंदा मे महिन्यात मी तीन दिवस बारामती-इंदापूरकडे जाऊन आले. परत येऊन महिना झाला, तरी ते तीन दिवस अंगातून जात नाहीत. म्हणून लिहून काढते आहे.

बारामती

विजया आणि मी बी.एड.ला एका खोलीत राहायचो. ती आता बारामतीत गणित शिकवते, तिचे यजमान एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात आहेत. दहा वर्षं ती "ये, ये" करत होती, ते यंदा जमलं.

संध्याकाळी पोचले. जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि खर्डा. आमच्याकडे ज्या आमटीत ओलं खोबरं पडलं असतं, तिथे यांच्याकडे शेंगदाणे. खर्ड्याच्या दुसऱ्या बोटाला माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि विजयाचे यजमान घाबरून म्हणाले, "अगं, दही वाढ की त्यांना!"

दही वाढता वाढता विजयाला आठवण झाली. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"तू इतिहासवाली ना? हे बघ. आमच्या तात्यांनी पाठवलंय."

तात्या म्हणजे तिचे वडील. फोटोत मातीची उभी दरड होती. तिच्यातून दोन मडकी अर्धवट बाहेर आली होती. आडवी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून ठेवलेली. भोवती राखेसारखी पांढुरकी माती.

मी घास ताटात ठेवला.

"विजया, हे कुणाचं तरी बाळ आहे."

तिला कळेना. मग मी तिला सांगितलं, जे मी दरवर्षी वर्गात एका वाक्यात सांगून पुढे जाते: त्या काळची माणसं तान्हं मूल गेलं, की त्याला दोन मडक्यांत ठेवून मडक्यांची तोंडं जुळवत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत.

विजयाचा चेहरा उतरला. "अगं, पण उद्या दत्ता तिथं माती उचलायला मशीन लावतोय."

दत्ता तिचा धाकटा भाऊ. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागे सरलं, की काठचे शेतकरी उघडा पडलेला गाळ उचलून रानात नेतात. त्यांच्या रानाच्या टोकाला, पूर्वीच्या भीमेच्या काठावर, एक टेकाड आहे. त्याला सगळे 'पांढर' म्हणतात. पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. पांढरीची जुनी माती रानात टाकली, की ऊस जोमाने येतो असं सगळे मानतात. दत्ताला गाळाबरोबर तीही हवी होती.

विजयाने लगेच त्याला फोन लावला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई, मशीन उद्याच्या दिवसच हाय. परवा ते पल्याडच्या काठाला जातंय. दोन मडक्यांपायी मी वरसाची माती सोडू व्हय?"

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्हाला व्याख्यान दिलेल्या पुण्याच्या एका संशोधक बाईंचा नंबर माझ्याकडे होता. त्यांनी फोन उचलला नाही. मी फोटो पाठवला, चार ओळी लिहिल्या आणि फोन उशाशी घेऊन पडले.

डाळजच्या पुढे

सकाळी विजयाच्या स्कूटरवरून तिच्या माहेरी, डाळजकडे निघालो. एमआयडीसीच्या फाट्यावर पाळीला निघालेल्या मोटरसायकलींची रांगच रांग समोरून येत होती. भिगवणच्या अलीकडे असताना माझा फोन वाजला. संशोधक बाई होत्या. त्या फार हळू आणि स्पष्ट बोलल्या.

"फोटो पाहिला. आम्ही निघतो आहोत. सामान घेऊन पोचायला तीन वाजतील. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका. तुम्हीसुद्धा लावू नका. ऊन लागू देऊ नका, भांडं तडकेल. आणि दरड ढासळू देऊ नका."

तेव्हा साडेआठ वाजले होते.

डाळजच्या आत, उसाच्या दोन फडांमधून गाडीवाट पाण्याकडे उतरते. फड संपला आणि एकदम सगळं उघडं झालं. मैलभर तडकलेला गाळ, त्याच्यापलीकडे पाण्याची पट्टी, आणि अलीकडे ते टेकाड. एखाद्या घराइतकंच उंच. पाण्याने एका बाजूने कापलेलं. त्याच्या पायथ्याशी पिवळं मशीन आधीच घरघरत होतं आणि दोन टिपर रांगेत उभे होते.

टेकाडावर चालताना माझ्या पायांखाली खापरं कुरकुरत होती. तांबडी खापरं, त्यांच्यावर काळ्या रेघा. पुस्तकात जिचं चित्र असतं, ती भांड्याची मोडकी तोटी मी हातात घेतली आणि मला उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं. लगेच खाली ठेवली.

तात्या दरडीपाशी उभे होते. पंचाहत्तरीचे, ताठ, डोक्याला टॉवेल. "या बाई," एवढंच म्हणाले आणि काठीने मडकी दाखवली. दरडीच्या निम्म्यावर, छातीएवढ्या उंचीला. मडक्यांच्या वर हातभर जाडीचा चोपून घट्ट केलेल्या जमिनीचा थर होता. कुणाच्या तरी घराची जमीन होती ती.

दत्ता धावत आला. चांगला उमदा माणूस, पण रात्रभर झोपला नसावा.

"मॅडम, तुमचा मान हाय. पण मी शब्द दिलाय संपतला. मशीन त्याचं हाय, भावकीतला हाय. आता न्हाय म्हणलो तर परत वरीसभर तो फिरकायचा न्हाय."

"तीन वाजेपर्यंत थांबा. फक्त तीन."

"दुसऱ्या बाजूनं चालू देतो," तो म्हणाला. "मडक्याकडं येऊ देत न्हाय."

मला ते बरं वाटलं. तिथेच मी चुकले. दहाच्या सुमारास मशीनने पलीकडून मोठा घास घेतला, सगळं टेकाड हादरलं, आणि आमच्या बाजूची दरड धाडकन खाली आली. धूळ बसली तेव्हा दोन्ही मडकी जवळजवळ पूर्ण उघडी पडली होती. करडी, हाताने घडवलेली, प्रत्येक कळशीएवढी. खालची माती निघून गेल्यामुळे ती पुढे कलली होती.

टिपरवरचा माणूस ओरडला, "आरं, हंडा! हंडा घावला!"

पाच मिनिटांत पंचवीस-तीस माणसं जमली. आजूबाजूच्या रानांतून, पाण्यावरून, कुठून कुठून आली. मशीन बंद करून संपत खाली उतरला. दांडगा, पांढऱ्या शर्टातला, खांद्यावर टिकाव.

"तोंडाला तोंड लावून कोण पुरतं ओ मडकी?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "धन असल्याबिगर?"

"धन नाही," मी म्हणाले. "आत लहान मूल आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचं."

लोक हसले. मागून कुणी तरी म्हणालं, "मॅडम कोकणातून उगंच आल्या व्हय हितवर?" आणि दुसरा, "जाणकार माणूस हाय. ठावं असल्याबिगर येईल का?" हसणं हळूहळू थांबलं. ते थांबल्यावर मला खरी भीती वाटली. दोन-तीन फोन माझ्या तोंडासमोर शूटिंग करत होते. विजया माझा दंड घट्ट धरून उभी होती. दत्ता मध्ये पडायला गेला, तर संपतने त्याला नुसत्या हाताने बाजूला सारलं. "तुझ्या रानात घावलंय, तुझा वाटा कुठं जात न्हाय."

मी मडक्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. मी काही धीट बाई नाही. शाळेत पालक चढ्या आवाजात बोलले तरी मी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते. माझ्या पाठीला मडक्यांचा गार स्पर्श झाला, आणि दरडीतून माती सारखी सरसर करत माझ्या मानेवर पडत होती.

तात्या काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा शब्द तिथे चालला असता. पण ते आमच्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत उभे होते. मला त्यांचा संताप आला.

गर्दी फुटली ती मागून. विजयाची आई, जिजी, घरून आम्हाला भाकरी घेऊन आल्या होत्या. ठेंगण्या, वाळक्या, नऊवारी लुगड्यातल्या. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि मला विचारलं, "खरंच लेकरू हाय?"

"हो."

"किती मोठं?"

"मडकं एवढं लहान आहे म्हणजे तान्हंच."

त्या मडक्यांखाली, ढासळलेल्या मातीत, मांडी घालून बसल्या. दोन्ही हात वर करून त्यांनी कललेल्या मडक्यांना खालून टेकू दिला.

"जिजी, उठा," संपत म्हणाला. "दरड यील अंगावर."

"यिऊ दे."

"आवं, यडेपणा करू नका. धन असलं तर तुमचंच हाय."

"संपत, तान्ह्या लेकराला कुणी जाळतं का रं? पुरतंच की न्हाय आपण? मग ह्यांनी पुरलं तर तुला धन दिसाया लागलं?"

तो गडबडला. पण तीस माणसांसमोर मागे हटणं त्याला जमेना. "बघू तर द्या," म्हणत त्याने जिजींच्या डोक्यावरून टिकाव पुढे केला. मी दांडा धरला. दोन्ही हातांनी, जीव खाऊन. त्याने हिसडा दिला, मी गुडघ्यांवर पडले, आणि टिकावाचं टोक एका मडक्याच्या काठाला लागलं. तळहाताएवढा तुकडा निघून जिजींच्या ओटीत पडला.

आत माती होती, आणि मातीत बोटाच्या पेराएवढा जबडा. त्याच्यात दोन दातांचे कोंब, तांदळाच्या दाण्यासारखे. आणि एक लाल मणी.

शूटिंग करणाऱ्यांनी फोन खाली घेतले. संपत वाकून बघत राहिला, मग टिकाव लांब फेकून गाळात खाली बसला. "माझ्या धाकटीला आत्ताच दात येत्यात," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे.

नंतर त्यानेच टिपरवरची ताडपत्री आणली आणि चार बांबूंवर सावली केली. दत्ताने पोत्यांत गाळ भरून दरडीला टेकण लावलं, मग जिजींनी हात खाली घेतले. त्यांचे दंड किती तरी वेळ हलत होते. ऊन आग ओतत होतं. दुपारी दोन वाजता दरडीला वरून चीर गेली. ती बोटभर रुंद झाली, मग दोन बोटं. सगळी माणसं आळीपाळीने पोती भरत होती. जी सकाळी हंडा बघायला आली होती, तीच.

संशोधक बाईंची गाडी तीनला नाही, चार वाजून गेल्यावर आली. त्यांनी चिरेकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि लगेच कामाला लागल्या. मडक्यांना पट्ट्या गुंडाळून खालच्या मातीसकट उचलून पेटीत ठेवायला सूर्य मावळतीला आला. पेटी हलली आणि दहा मिनिटांत ती दरड खाली आली.

जिजींनी त्यांना विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"इतक्या लहान हाडांवरून आजी, सांगता येत नाही."

"घरात का पुरलं असंल?"

बाईंनी हातमोजे काढले. "खरं सांगू? आम्हाला नक्की माहीत नाही. जवळ राहावं म्हणून, असं आम्ही समजतो."

उरलेल्या टेकाडाला हात लावायचा नाही, असं दत्ताने आपण होऊन सांगितलं. संपतने उद्याचा दिवस थांबून खालचा नुसता गाळ काढून द्यायचं कबूल केलं.

रात्री तात्यांच्या घरी जेवायला तळलेली चिलापी होती. धरणातला मासा. समुद्राच्या मासळीवर वाढलेली मी, गोड्या पाण्याच्या माशाला नाकं मुरडणारी, त्या दिवशी दोन तुकड्या मागून खाल्ल्या. जिजी ताटावर बसल्या, पण जेवल्या नाहीत. एकाएकी तात्यांकडे न बघता म्हणाल्या, "अवं, मला उद्या जुन्या गावठाणात न्या."

तात्यांचा हात थांबला. "गाळ हाय तितं. माणूस रुतंल."

"रुतू दे. माझी पोर कुठं पुरलीय, ते मला दावा."

विजयाने आईकडे पाहिलं. दत्तानेही. त्या दोघांनाही माहीत नव्हतं की आपल्याला एक थोरली बहीण होती.

जुनं गावठाण

धरण भरलं तेव्हा त्यांचं गाव पाण्यात गेलं. नवीन गाव वर वसलं. पाणी अगदी खाली गेलं तरच जुन्या घरांचे पाये दिसतात, तेही चार-सहा दिवस. यंदा दिसत होते.

उजाडताच निघालो. दत्ता पुढे काठीने जमीन ठोकत, मागे तात्या, जिजी, विजया आणि मी. वरून गाळ वाळून टणक दिसतो, खाली लोण्यासारखा. कातळावर वाढलेल्या मला ते ठाऊक नव्हतं. वाट सोडून मी एक पाऊल डावीकडे टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेले. दुसरा पाय काढायला गेले तर तोही. हसायला आलं, आणि लगेच ओरडावंसं वाटलं, कारण मी हळूहळू खाली जात होते.

"हलू नका!" दत्ता ओरडला. "आडव्या व्हा! पोटावर!"

मी गाळात पालथी पडले. त्याने काठी दिली, विजयाने ओढणी, आणि दोघांनी मला ओढून काढलं. एक चप्पल तिथेच राहिली. "माघारी फिरूया," विजया रडकुंडीला येऊन म्हणाली. जिजींनी ऐकलंच नाही. त्या चालत राहिल्या. आम्ही त्यांच्या मागे.

गावठाण म्हणजे दगडांच्या ओळी. त्या ओळींतून तात्या असे चालले जणू अजून भिंती उभ्या आहेत. एका जागी वळले, एका जागी सवयीने वाकले. तिथे दाराची चौकट असणार. एका लांबट दगडापाशी थांबले.

"ह्यो आपला उंबरा."

"घर मला ठावं हाय," जिजी म्हणाल्या. "ओढा कुठं हाय? लेकरं ओढ्याकाठी पुरायची ना?"

बायकांनी तिकडे जायचं नसे. नऊ दिवसांची मुलगी. बारसं व्हायचं होतं, म्हणून नावही नव्हतं. तात्यांनी आणि त्यांच्या चुलत्यांनी तिला कापडात गुंडाळून नेलं होतं, एवढंच जिजींना माहीत होतं.

तात्यांनी काठीच्या टोकाने उंबऱ्यावरचा गाळ खरवडला.

"ओढ्याला न्हाय पुरली."

"मग?"

"नेली व्हती. पर तिथं कोल्ही लई. आदल्याच महिन्यात कुणाचं तरी उकरलं व्हतं. माझ्यानं ठिवली न्हाय गेली. चुलत्याला म्हणलं, तू जा. आन् दिवस मावळताना मागल्या अंगानं घरी आणली." त्यांनी काठी उचलून उंबऱ्याच्या आत, दूरच्या कोपऱ्यात दाखवली. "त्या भिंतीच्या भायेर. भिंतीला लागून. तू आत त्याच कोपऱ्यात निजायचीस. लोक काय म्हणतील म्हणून कुणाला बोललो न्हाय. तुलाबी न्हाय. मग पाणी आलं."

काल ते पाठ करून का उभे होते, ते मला तेव्हा कळलं.

जिजी कोपऱ्यापर्यंत गेल्या. भिंतीचा पाया अजून शाबूत होता, वीतभर वर आलेला. त्या आतल्या बाजूला बसल्या. मग हात पायावरून पलीकडे टाकला आणि गाळावर ठेवला. हात सहज पोचत होता.

"म्हंजी पाणी येस्तवर," त्या म्हणाल्या, "मी रोज तिच्या उशालाच निजत व्हते."

"व्हय," तात्या म्हणाले.

विजया आईशेजारी जाऊन बसली. दत्ताने डोक्याची टोपी काढून हातात घेतली. ऊन वर यायला लागलं होतं, परतीची वाट तापायच्या आत गाठायला हवी होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तात्या उंबऱ्यावर बसले.

"बसू जरा," जिजी म्हणाल्या.

आम्ही बसलो.